आभाळातला साक्षीदार कुणाच्या बाजूचा?



जंगल कुणी तोडलं, असं विचारलं की वरचा माणूस पहिलं बोट खालच्या माणसाकडे करतो. मोळी विकणारी बाई. शेरडं चारणारं पोर. डोंगरउतारावर दोन एकर नाचणी करणारा आदिवासी. झाला पंचनामा, मिटली फाईल. रस्ता कुणी काढला, करवतीला पैसा कुणी पुरवला, मोकळ्या झालेल्या जमिनीवर आज कुणाची गुरं चरतात, हे त्या पंचनाम्यात कधी येत नाही. ब्राझीलपासून इंडोनेशियापर्यंत उष्ण पट्ट्यातल्या जंगलांची हीच रड आहे.

या खोट्या पंचनाम्याला उत्तर देऊ शकेल असा एक साक्षीदार गेली पन्नास वर्षं आभाळात फिरतो आहे. उपग्रह. सातशे किलोमीटर उंचीवरून तो जमिनीची चित्रं काढतो. त्याला जात माहीत नाही, पक्ष माहीत नाही, त्याच्या हातावर चिरीमिरी ठेवता येत नाही. म्हणून आपल्यातले काही शिकलेले मित्र खूश आहेत. म्हणतात, विज्ञानानं सगळं उघडं पाडलं, आता लपवाछपवी संपली. मी त्यांना म्हणतो, थांबा. साक्षीदार खरा असला म्हणून खटला आपोआप जिंकला जात नाही. साक्ष कुणी नोंदवली, कुणी दाबली, कुणाच्या विरुद्ध वापरली, ते बघावं लागतं. इथे मला तेवढंच बघायचं आहे. त्यासाठी मी अ‍ॅमेझॉनचं जंगल घेतो, कारण आभाळातून इतकी वर्षं इतकी काटेकोर मोजदाद फार थोड्या जंगलांची झाली आहे.

२३ जुलै १९७२ ला अमेरिकेनं लॅन्डसॅट मालिकेतला पहिला उपग्रह सोडला. त्याच साली इकडे महाराष्ट्रात आपल्या आज्या दुष्काळी कामावर खडी फोडत होत्या. आणि त्याच साली ब्राझीलच्या लष्करी हुकूमशहांनी अ‍ॅमेझॉनच्या पोटातून जाणाऱ्या महामार्गाचं उद्घाटन केलं. त्या रस्त्याची गोष्टही दुष्काळातूनच निघते. १९७० साली ब्राझीलच्या ईशान्य भागात मोठा दुष्काळ पडला. लाखो भूमिहीन उपाशी. तिथे जमीन नव्हती असं नाही. जमीन उसाच्या बागायतदारांच्या घशात होती. ती काढून भूमिहीनांना वाटायची सोडून राष्ट्राध्यक्ष मेडिसी यानं घोषणा दिली : बिनमाणसांची जमीन, बिनजमिनीच्या माणसांना! बिनमाणसांची? तिथे हजारो वर्षं राहणाऱ्या आदिवासी जमाती या घोषणेत माणूस म्हणून मोजल्याच गेल्या नाहीत. जमीनदाराच्या बांधाला हात लावायचा नाही, म्हणून गरिबाच्या हातात दुसऱ्या गरिबाचं रान द्यायचं. ही चाल आपल्याला नवीन आहे का?

आता हा साक्षीदार बघतो कसा, ते समजून घ्या. यात जादू नाही. हिरवं पान सूर्याच्या उजेडातला तांबडा रंग पिऊन टाकतं आणि डोळ्याला न दिसणारा अवरक्त उजेड परत फेकतं. उघडी माती तसं करत नाही. उपग्रहाचा कॅमेरा हे दोन्ही उजेड वेगवेगळे मोजतो. मग कागदावर अवरक्ताला लाल रंग देतात, म्हणून अशा चित्रात घनदाट जंगल लालभडक दिसतं आणि तोडलेली जमीन राखाडी-निळसर. चित्र चौकोनाचौकोनांचं असतं. पहिल्या उपग्रहाचा चौकोन सुमारे ८० मीटरचा होता. १९८२ पासून तो ३० मीटरचा झाला. म्हणजे ९०० चौरस मीटर, आपल्या हिशेबात जवळजवळ नऊ गुंठे. त्याच जागेवर दर सोळा दिवसांनी उपग्रह परत येतो. यंदाचा चौकोन गेल्या वर्षीच्या चौकोनावर ठेवायचा. लाल होता, राखाडी झाला, की तिथे करवत फिरली. तलाठ्याची पीकपाहणीच म्हणा ना. फरक एवढाच, की हा तलाठी पाटलाच्या ओसरीवर बसून रकाने भरत नाही. त्याला अडचण ढगांची. म्हणून अ‍ॅमेझॉनची मोजणी कोरड्या महिन्यांतल्या चित्रांवर करतात. आता रडारचे उपग्रह ढगांच्या आरपार बघतात. युरोपचा सेंटिनेल-१ हा २०१४ पासून वर गेलेला त्यातलाच.

गेल्या काही महिन्यांत मी मोबाईलवर ब्राझीलच्या रोंडोनिया राज्याची १९८४ पासूनची चित्रं एकापुढे एक लावून बघितली. तुम्हीही बघा, फुकट आहेत. सुरुवातीला जंगलात एक ओरखडा दिसतो. हा बीआर-३६४ रस्ता. जागतिक बँकेच्या पैशानं १९८४ साली तो डांबरी झाला. मग त्या ओरखड्याला दोन्ही बाजूंनी काटकोनात बारीक रेघा फुटतात. वर्षावर्षानं त्या लांब होत जातात, रुंद होतात. बघता बघता मासळीचा काटा तयार होतो. मधला कणा म्हणजे रस्ता, बाजूचे काटे म्हणजे गाडीवाटा. काट्यांच्या मधलं मांसही मग हळूहळू खाल्लं जातं आणि उरतं सलग कुरण. निषेध इतका वाढला, की १९८५ साली जागतिक बँकेला आपले पैसे काही काळ थांबवावे लागले. पण रस्ता झाला होता.

त्याच चित्राच्या मधोमध एक ठिकाण अजून गर्द आहे. कडा अशा की कात्रीनं कापल्यासारख्या. एका बाजूला उघडी कुरणं, दुसऱ्या बाजूला रान. हा उरू-एउ-वाउ-वाउ या आदिवासींचा प्रदेश, सुमारे १८ हजार सहाशे चौरस किलोमीटर, १९९१ साली कायद्यानं मान्य झालेला. संख्येनं ही माणसं काहीशेच. त्यांनी ती कड राखली. त्यासाठी त्यांनी काय मोजलं, ते चित्रात दिसत नाही. त्यांचा गस्तीवाला अरी उरू-एउ-वाउ-वाउ एप्रिल २०२० मध्ये मारला गेला. ब्राझीलमधल्या मॅपबायोमास या अभ्यासगटानं उपग्रहचित्रांवरूनच तीस वर्षांचा हिशेब मांडला. आदिवासींच्या मान्य प्रदेशांत या काळात मूळची झाडी सुमारे १ टक्का गेली. खाजगी जमिनींवर गेली २० टक्क्यांहून जास्त. जंगल कोण तोडतो नि कोण राखतो, याची ही साक्ष आहे. जिथे जमिनीवर माणसांचा हक्क मान्य झाला, तिथे जंगल उभं आहे. खालच्या माणसाकडे बोट करणाऱ्यांच्या तोंडावर हा आकडा फेकून मारला पाहिजे.

पण आकडा असून भागत नाही. हाच माझा मुद्दा आहे. १९८८ हे साल घ्या. ब्राझीलच्या इन्पे या सरकारी अंतराळ संशोधन संस्थेनं त्या सालापासून अ‍ॅमेझॉनच्या तोडीची वार्षिक मोजणी सुरू केली. प्रोदेस तिचं नाव. त्याच वर्षी २२ डिसेंबरला शापुरी गावात शिको मेंडिसला त्याच्या घराच्या मागच्या दारात गोळी घातली. रबराचा चीक गोळा करणारा मजूर. त्यानं युनियन बांधली. बायकापोरांसकट माणसं करवतीपुढे उभी केली. मारणारे गुरांच्या धंद्यातले जमीनदार बाप-लेक. १९९० साली दोघांना शिक्षा झाली. एका बाजूला मोजणी सुरू, दुसऱ्या बाजूला अडवणाऱ्याचा खून. आणि तोड? ती चालूच. १९८८ साली २१ हजार चौरस किलोमीटर. १९९५ साली २९ हजार. २००४ साली २७,७७२. एका वर्षात चाळीसपेक्षा जास्त मुंबया! सोळा वर्षं आकडे बिनचूक येत होते. वर्ष उलटून गेल्यावर येत होते. बैल गेला नि झोपा केला. साक्षीदार दरवर्षी इमानानं साक्ष देतोय आणि कोर्टात न्यायाधीशच नाही.

२००३ साली ब्राझीलमध्ये सरकार बदललं. पर्यावरण मंत्री झाली मरिना सिल्वा. रबर मजुराच्या घरातली काळी पोरगी. सोळाव्या वर्षी तिला अक्षरओळख झाली. लोकांच्या घरची धुणीभांडी करून ती शिकली आणि शिको मेंडिसबरोबर लढ्यात होती. २००४ मध्ये तोडीविरुद्धची योजना आली आणि देतेर नावाची दुसरी पद्धत सुरू झाली. ही वर्षाची बेरीज करत बसत नव्हती. करवत चालू असतानाच इशारा देत होती. इशारा जायचा इबामा या अंमलबजावणी खात्याकडे, आणि खात्याची माणसं हेलिकॉप्टरनं जागेवर. यंत्रं जप्त, दंड. नवे राखीव प्रदेश, नवे आदिवासी प्रदेश आखले गेले. २००६ साली सोयाबीनच्या मोठ्या व्यापाऱ्यांना लोकांच्या दबावाखाली कबूल करावं लागलं, की नव्यानं तोडलेल्या जमिनीवरचं सोयाबीन घेणार नाही. २००८ साली कायदा न पाळणाऱ्याचं बँकेचं कर्ज अडवलं. आणि चित्रांची कुलपं निघाली. ब्राझीलनं चीनबरोबर बनवलेल्या उपग्रहांची चित्रं २००४ पासून फुकट केली. २००८ मध्ये अमेरिकेनं लॅन्डसॅटचा सगळा साठा खुला केला. त्याआधी, १९८० च्या दशकात तो साठा खाजगी कंपनीच्या हातात गेला, तेव्हा एका चित्राला चार हजार डॉलरच्या वर भाव होता. गावातल्या माणसाला आपल्याच गावाचं चित्र बघायला चार हजार डॉलर!

परिणाम बघा. २००४ चे २७,७७२ चौरस किलोमीटर २०१२ साली ४,५७१ झाले. आठ वर्षांत तोड ऐंशी टक्क्यांहून जास्त खाली आली. नवं काय होतं? चित्र लगेच आलं, सगळ्यांच्या हाती आलं, त्याच्या मागे कायदा, बँक, दंड उभे राहिले. आणि सगळ्यांच्या आधी जंगलातली माणसं संघटित होती. यातला एक खांब काढला की मांडव खाली.

तो खांब काढलाच. २०१९ मध्ये बोल्सोनारो सत्तेवर आला. देतेरचे आकडे वर चढायला लागले. साहेबांना राग आला. कुणाचा? करवतवाल्यांचा? छे! आकड्यांचा. जुलै २०१९ मध्ये तो म्हणाला की हे आकडे खोटे आहेत आणि इन्पेचा संचालक कुठल्या तरी स्वयंसेवी संस्थेची चाकरी करतोय. संचालक रिकार्डो गॅल्व्हाव हा पदार्थवैज्ञानिक. त्यानं मान खाली घातली नाही, उघड उघड उत्तर दिलं. ऑगस्टमध्ये त्याची खुर्ची गेली. दंडाच्या पावत्या कमी झाल्या. तोड २०१९ साली १० हजारांवर, २०२१ साली १३ हजारांवर गेली. नीट लक्षात घ्या. आभाळात काहीच बदललं नव्हतं. तीच कक्षा, तेच कॅमेरे, तीच मोजणी. खालच्या खुर्च्या तेवढ्या बदलल्या. आणि हेही लक्षात घ्या, की आकडे दाबता आले नाहीत. चित्रं जगभर खुली होती. कुणीही मोजून बघू शकत होतं. संचालक काढता आला, उपग्रह काढता आला नाही. २०२३ मध्ये पुन्हा सरकार बदललं. मरिना सिल्वा पुन्हा मंत्री झाली, गॅल्व्हावला देशाच्या संशोधन परिषदेचं अध्यक्षपद मिळालं. २०२४ सालचा आकडा साडेसहा हजारांच्या आसपास आला.

आता या साक्षीदाराला काय दिसत नाही, तेही सांगतो. नाहीतर आपणच त्याला देव करून बसू. प्रोदेस सव्वासहा हेक्टरांहून, म्हणजे साधारण पंधरा एकरांहून लहान तुकडा मोजत नाही. जंगलाचं छप्पर तसंच ठेवून आतली किमती झाडं वेचून नेली, तर वरून कळायला कठीण. वरून फक्त पानं दिसतात, म्हणून कंपनीनं लावलेली निलगिरी नि जुनं रान यांतला फरक ज्याला त्याला हवा तसा पुसता येतो. २०१३ साली अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी साडेसहा लाखांहून जास्त लॅन्डसॅट चित्रं चाळून सगळ्या जगाचा नकाशा केला. २००० ते २०१२ मध्ये २३ लाख चौरस किलोमीटर झाडी गेली. फार मोठं काम. पण त्यात पाच मीटरपेक्षा उंच ते सगळं झाड. लावलेलं असो की आपोआप वाढलेलं.

आणि एक गोष्ट कुठल्याच चित्रात येत नाही. करवत धरणारा हात कुणाचा? ब्राझील सरकारनं १९९५ साली कबूल केलं, की देशात अजून गुलामी आहे. मग तपासणीची फिरती पथकं नेमली. तेव्हापासून सगळ्या धंद्यांतून मिळून ६० हजारांहून जास्त माणसं वेठीतून सोडवली. त्यातली कितीतरी अ‍ॅमेझॉनच्या गुरांच्या वाड्यांवर, जंगल साफ करायच्या कामावर होती. उचल घेऊन आणलेली, कर्जात अडकवलेली, पळाली तर बंदूक. आपल्याकडच्या वीटभट्टीवरचा, ऊसतोडीचा गडी हे दोन ओळींत ओळखेल. आभाळातून लाल चौकोन राखाडी झालेला दिसतो. तो राखाडी करणारा स्वतः साखळीत होता, हे दिसत नाही. ते जमिनीवर जाऊन, माणसाशी बोलूनच कळतं.

तुम्ही म्हणाल, ब्राझीलचं पुराण इथे कशाला? तर ऐका. २८ फेब्रुवारी २०२१ ला श्रीहरिकोट्याहून आपल्याच इस्रोच्या रॉकेटनं ब्राझीलचा अ‍ॅमेझोनिया-१ उपग्रह वर नेला, अ‍ॅमेझॉनच्या तोडीवर नजर ठेवायला. म्हणजे दुसऱ्याच्या जंगलाचा डोळा आपण आभाळात बसवून दिला. आणि आपल्या जंगलात तोच डोळा काय करतो?

आपल्या वनसर्वेक्षण विभागाचे अहवाल १९८७ पासून उपग्रहचित्रांवर निघतात. त्यांची व्याख्या अशी : एक हेक्टरहून मोठी जागा आणि दहा टक्क्यांहून जास्त झाडोरा, की ते वनाच्छादन. मालकी कुणाची, झाड कसलं, याला अर्थ नाही. आंब्याची बाग त्यात बसते, चहाचा मळा बसतो. पण वनहक्क कायदा २००६ खाली आदिवासीनं दावा केला, की १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून ही जमीन मी कसतो, तेव्हा मात्र चित्रातला प्रत्येक चौकोन त्याच्या अंगावर येतो. त्याचा तुकडा डोंगरात, बांधावर मोह राखलेला, मधे ऐन उभा. वरून ते शेत दिसतच नाही, झाडीच दिसते. गुजरातमध्ये अशी चित्रं पुढे करून दावे फेटाळले. २०१३ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाला फेरतपासणी सांगावी लागली. २०१२ चा नियम तर स्वच्छ म्हणतो, की उपग्रहचित्र हा जोडपुरावा, बाकीच्या पुराव्याची जागा तो घेऊ शकत नाही. म्हातारीच्या जबाबालाही कायद्यात जागा आहे. तरी १३ फेब्रुवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयानं राज्यांना सांगितलं, की दावे फेटाळलेल्यांना हटवा, आणि वनसर्वेक्षण विभागाला सांगितलं, की उपग्रहावरून अतिक्रमणं मोजा. फेटाळलेले दावे दहा लाखांहून जास्त होते. देशभर बोंब झाली. २८ फेब्रुवारीला आदेशाला स्थगिती मिळाली. इथे चित्र होतं, आकडा होता, कोर्टही होतं. फक्त साक्षीचं तोंड उलट्या दिशेला होतं.

साक्षीदाराचं काय होतं, हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक असणार! गावची शीव कुठून कुठे जाते, हे महाराला माहीत असायचं. दोन गावांत भांडण लागलं की साक्षीला त्यालाच पुढे करायचे. त्याच्या शब्दावर शीव ठरायची. शीव ठरली की जमीन पाटलाची, आणि साक्षीदार परत वेशीबाहेर. शीव दाखवणाऱ्याच्या हातात दप्तर नव्हतं. दप्तर कुळकर्ण्याच्या घरात होतं. आज दप्तर आभाळात लिहिलं जातंय आणि पहिल्यांदाच ते कुणा एकाच्या कपाटात नाही. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली, ते वाचायची वेळ आली असताना आपण पाठ फिरवायची?

म्हणून मी शहरातल्या तुम्हा पोरापोरींना सांगतो. तुमच्यातले कितीतरी कॉम्प्युटर शिकलेत, भूगोल शिकलेत, इंजिनिअर झालेत. उपग्रहचित्र वाचायला शिका. कुणी चित्र तोंडावर फेकलं तर पहिल्यांदा तारीख विचारा. मग चौकोन केवढ्याचा, ते विचारा. मग विचारा, यात जंगल कशाला म्हटलंय आणि ते कुणी ठरवलं. मग त्याच जागेची आधीची तीस वर्षांची चित्रं काढून समोर ठेवा. गुजरातच्या डोंगरातल्या गावांनी संघटनांच्या मदतीनं हेच केलं. जीपीएस घेऊन आपापली शेतं चालून मोजली, ती चित्रावर बसवली आणि दाव्याला जोडली. अंगठेबहाद्दर म्हणून ज्यांना हिणवलं, त्यांनी नकाशे केले. गडचिरोली असो, नंदुरबार असो, पालघर असो, दाव्यांच्या ढिगाऱ्याशी झुंजणाऱ्या ग्रामसभांना असा एकेक जाणता हात हवा आहे. उपकार म्हणून जाऊ नका. कामाला जा. तिथली म्हातारी कुठला ओढा कधी आटला ते सांगेल, तुम्ही चित्रात ते साल शोधा. दोघांची साक्ष जुळली की मग बघू कोण फेटाळतो.

येत्या सुट्टीत कोण कोण येतंय, ते अंकाच्या पत्त्यावर कळवा. लॅपटॉप असला तर घेऊन या, नसला तरी या.